हिशेबाच्या वह्या ढगात

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या वह्या मांडून त्यांची पूजा करण्याचा प्रघात आपल्याकडील व्यापाऱ्यांत फार जुना आहे. बंगालमधील दुकानदार हेच कार्य वैशाखारंभी ‘हालखाता’ म्हणून करतात. वही ही व्यापाराची स्मृती होय. ती आता पुष्कळ पेढ्यांत संगणकात जाऊन बसली आहे. परंतु संगणकही अखेर पेढीतल्याच एखाद्या मेजावर असतो. आणि २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईत किंवा २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापुरात दुकानांतून पाणी शिरले, तेव्हा त्याने कागद आणि यंत्र यांत भेद केला नाही. कोणाकडून किती येणे आहे हेच ज्याला सांगता येत नाही, तो दुकानदार पूर ओसरल्यावरही बुडतो. शिवाय वस्तू व सेवा कराच्या कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात, ते वेगळेच.

‘क्लाउड कॉम्प्युटिंग’ ही व्यवस्था येथे उपयोगी पडते. नाव मात्र फसवे आहे. आपली माहिती ढगात नसते. ती असते भक्कम, थंड राखलेल्या, पहाऱ्यातल्या इमारतींत, हजारो संगणकांच्या रांगांमध्ये. मायक्रोसॉफ्टने अशी केंद्रे २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे सुरू केली, आणि ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईच्या परिसरात. संगणकशक्ती टेलिफोनसारखी सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असा विचार जॉन मॅकार्थी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्येच मांडला होता. तो व्यापारी स्वरूपात येण्यास २००६ साल उजाडावे लागले.

वाचकहो, एके काळी गिरणीमालक स्वतःचे इंजिन बसवून शक्ती निर्माण करीत. पुढे तारेतून वीज आली आणि ते मीटरप्रमाणे पैसे भरू लागले. येथेही तसेच आहे. दिवाळीच्या पंधरवड्यात घरबसल्या मागणी नोंदविणारी गिऱ्हाइके दसपट वाढली, तर कापडाच्या व्यापाऱ्याने त्या गर्दीला पुरतील एवढी यंत्रे विकत घेऊन उरलेले वर्षभर ती धूळ खात का ठेवावीत? तेवढे दिवस जास्त भाडे द्यावे, म्हणजे झाले. भांडवल मोकळे राहते, ते मालात गुंतविता येते. लहान धंद्याला मोठा लाभ आहे तो हाच, असे माझे मत आहे. बाकीचे बरेचसे गुणगान विक्रेत्यांचे असते.

मोठ्यांनाही ठेच लागल्यावरच हे सुचले. अमेरिकेतील नेटफ्लिक्स कंपनी २००८ मध्ये चित्रपटांच्या तबकड्या टपालाने घरोघर पाठवीत असे. त्या ऑगस्टात तिच्या माहितीसाठ्यात बिघाड झाला आणि तीन दिवस एकही तबकडी रवाना करता आली नाही. तेव्हापासून तिने आपले काम भाड्याच्या संगणकांवर नेण्यास प्रारंभ केला. ते पुरे झाले २०१६ च्या जानेवारीत. सात वर्षे! तेव्हा दुकानाच्या वह्या एका रात्रीत हलवून देतो म्हणणाऱ्याचे बोलणे जरा सावधपणेच ऐकावे.

इमारत म्हटली की आगही आली. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक केंद्र जळाले, आणि ज्यांनी दुसरी प्रत अन्यत्र ठेवली नव्हती अशा कित्येक ग्राहकांची माहिती कायमची गेली. म्हणून करार करताना विचारावे: दुसरी प्रत कोणत्या शहरात असेल? उद्या आम्ही सेवा सोडली तर आमची माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल? नोंदणीकृत कंपन्यांना तर हिशेबाची प्रत भारतातील यंत्रावर दररोज ठेवणे २०२२ च्या नियमदुरुस्तीने बंधनकारक झाले आहे. वापरात नसलेली यंत्रणा बंद करण्यासही विसरू नये. तिचे भाडे रात्रंदिवस चढत राहते. आणि पेढीचा परवलीचा शब्द गल्ल्यामागच्या दिनदर्शिकेवर लिहिलेला असेल, तर तो आजच खोडून बदलून टाकावा.