चिंतेची गोळी सुटताना

मनाच्या आजाराविषयी आता पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलले जाऊ लागले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्या आजारावर दिलेली गोळी बंद करताना काय होते, याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. गोळी सोडू पाहणारा माणूस एकटाच तो त्रास सोसतो. घरची माणसे गोंधळून जातात. शेवटी 'मूळचा आजारच उलटला' असे सर्वांना वाटते आणि गोळी पुन्हा सुरू होते. कित्येकदा तर 'याच्या मनाचा निर्धारच कच्चा' असा शिक्काही बसतो. हा त्रास नेमका कसा असतो, तो का होतो आणि त्यातून सुखरूप बाहेर कसे पडावे, हे प्रस्तुत लेखात सोप्या भाषेत सांगण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

या गोळ्या कोणत्या?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम, नायट्राझेपाम ही नावे अनेकांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वाचली असतील. घरात त्यांना 'झोपेची गोळी' किंवा 'टेन्शनची गोळी' म्हणतात. औषधशास्त्रात या गटाला 'बेन्झोडायझेपिन' असे नाव आहे. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने रॉश कंपनीच्या प्रयोगशाळेत या गटातील पहिले औषध शोधून काढले. १९६० साली ते 'लिब्रियम' या नावाने आणि १९६३ साली त्याचेच भावंड 'व्हॅलियम' या नावाने बाजारात आले. त्यापूर्वी वापरात असलेल्या बार्बिट्युरेट औषधांचा डोस जास्त झाला तर माणूस सहज दगावत असे. त्यामानाने ही नवी गोळी सुरक्षित होती. म्हणून तिचे जगभर स्वागत झाले.

धोक्याची सूचनाही लवकरच मिळाली होती. १९६१ साली अमेरिकेत लिओ हॉलिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, काही महिने लिब्रियमची मोठी मात्रा घेणाऱ्या ११ रुग्णांचे औषध एकाएकी थांबवून निरीक्षण केले. त्यांपैकी १० जणांना नवा त्रास सुरू झाला आणि दोघांना झटके आले. तरीही मोठ्या मात्रेनेच असे होते, नेहमीच्या मात्रेने नाही, असा समज बरीच वर्षे टिकला. १९८१ च्या सुमारास लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ माल्कम लेडर यांच्या अभ्यासाने तो खोटा ठरवला. डॉक्टरांनी सांगितलेलीच मात्रा नियमाने घेणाऱ्यांनाही गोळी सोडताना त्रास होतो, हे त्यांनी दाखवून दिले. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने ही गोळी दोन ते चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ देऊ नये असा सल्ला दिला. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटाच्या औषधांवर सवय आणि सोडतानाच्या त्रासाविषयी चौकटीतील ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

त्रास का होतो?

आपल्या मेंदूत 'गाबा' नावाचे एक रसायन असते. त्याचे काम ब्रेकचे. मज्जासंस्था फार उत्तेजित झाली की ते तिला आवरते. ही गोळी त्या ब्रेकवर आणखी जोर देते. म्हणूनच ती घेतल्यावर अर्ध्या-एक तासात छातीतली धडधड थांबते, स्नायू सैल पडतात आणि झोप लागते.

पण रोज बाहेरून जोर मिळू लागला की मेंदू स्वतःचा ब्रेक हळूहळू ढिला करतो. काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो गोळीच्या हिशोबानेच चालू लागतो. अशा वेळी गोळी एकाएकी काढून घेतली, तर घाटाच्या उतारावर ब्रेक सुटलेल्या गाडीसारखी मज्जासंस्थेची गत होते. मेंदूला आपला ब्रेक पुन्हा घट्ट करायला वेळ लागतो. तोपर्यंत जे भोगावे लागते, तोच हा त्रास. त्याचा संबंध शरीराच्या रचनेशी आहे, माणसाच्या चारित्र्याशी नाही.

त्रास कसा जाणवतो?

सर्वांत आधी झोप उडते. रात्र रात्र डोळा लागत नाही. लागलाच तर भडक, भीतिदायक स्वप्नांनी माणूस दचकून उठतो. सकाळ तर फारच कठीण जाते. कारण काहीच नसताना पोटात खड्डा पडतो, हात थरथरतात, घाम फुटतो. आता काहीतरी भयंकर घडणार, असे आतून वाटत राहते.

शरीरात स्नायू आखडतात. मान, खांदे व जबडा आवळल्यासारखे होतात. डोक्याभोवती कोणी घट्ट पट्टा बांधला आहे असे वाटते. हातापायांना मुंग्या येतात, कातडीखालून किडे चालल्याचा भास होतो. पापणी किंवा पोटरी आपोआप फडफडते. मळमळ होते, जुलाब होतात, अन्नावरची वासना उडते. काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते.

ज्ञानेंद्रिये इतकी तीक्ष्ण होतात की साध्या गोष्टी सोसवत नाहीत. कुकरची शिट्टी कानात सुरी खुपसल्यासारखी लागते. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना टोचतो. शेजारचा रेडिओ, भांड्यांचा आवाज, लहान मुलांचा दंगा यांनी जीव नकोसा होतो. चालताना पायाखालची जमीन होडीसारखी डुलते.

रुग्णाला सर्वांत घाबरवणारा अनुभव म्हणजे परकेपणाचा. आपलेच घर, आपलीच माणसे काचेच्या पलीकडे असल्यासारखी दिसतात. आरशातला चेहरा आपला वाटत नाही. 'मला वेड लागत आहे' अशी त्याची खात्रीच पटते. पण ही जाणीव वेड लागल्याची खूण नसते. ती या त्रासाचाच एक भाग असून मज्जासंस्था शांत होत गेली की ओसरते.

हा त्रास एकसारखा नसतो. चार दिवस बरे जातात, वाटते की संपले, आणि पाचव्या दिवशी पुन्हा लाट येते. म्हणून एका वाईट दिवसावरून निष्कर्ष काढू नये. अल्प्राझोलाम, लोराझेपाम यांसारख्या शरीरातून लवकर जाणाऱ्या गोळ्यांचा त्रास एक-दोन दिवसांतच सुरू होतो. डायझेपाम शरीरात बराच काळ रेंगाळते, म्हणून तिचा त्रास उशिराही दिसतो. बहुतेकांचा तीव्र त्रास काही आठवड्यांत कमी होतो, काहींना मात्र महिनोन्महिने अधूनमधून जाणवतो. प्रत्येकाला यांतील सर्व लक्षणे होतातच असेही नाही, कित्येकांची गोळी अगदी थोड्या त्रासात सुटते.

जुना आजार की गोळीचा त्रास?

हा फरक ओळखणे फार महत्त्वाचे आहे. जुना आजार परतला तर तो सहसा हळूहळू परततो आणि पूर्वीच्याच रूपात येतो. गोळीचा त्रास मात्र मात्रा कमी केल्यावर थोड्याच दिवसांत सुरू होतो. त्यात पूर्वी कधीही नसलेली लक्षणे असतात, जसे आवाज न सोसणे, मुंग्या येणे, जमीन डुलणे. काळ जाईल तसा तो उतरत जातो. कोणते लक्षण कोणत्या तारखेला सुरू झाले हे वहीत लिहून ठेवल्यास डॉक्टरांना निदान करणे सोपे जाते.

गोळी कशी सोडावी?

एका वाक्यात सांगायचे तर, एकाएकी कधीही सोडू नये. कोणी संकल्प करून, कोणी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, तर कोणी पैशाअभावी गोळी एका दिवसात बंद करतो. दीर्घकाळ घेणाऱ्याला अशाने आकडी येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जीवही जाऊ शकतो. आकडी, असंबद्ध बोलणे, नसलेली माणसे दिसणे किंवा जीव देण्याचे विचार, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे प्राध्यापिका हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे या गोळ्या सोडवण्याचे खास केंद्र चालवले. मात्रा थोडी थोडी आणि रुग्णाला झेपेल त्या गतीने कमी करावी, हा त्यांच्या अनुभवाचा सारांश. अमेरिकेतील तज्ज्ञांनी २०२५ साली दिलेल्या मार्गदर्शनातही सुरुवातीला दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्केच मात्रा कमी करण्याचा विचार सुचवला आहे. म्हणजे वर्षानुवर्षे घेतलेली गोळी सुटायला कित्येक महिने किंवा त्याहून अधिक काळही लागू शकतो. हा हिशोब स्वतः घरी न करता डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. त्रास सोसवेना म्हणून दारूचा आधार तर मुळीच घेऊ नये, कारण दारू आणि ही गोळी एकत्र आल्यास श्वास मंदावून प्राण जाऊ शकतात.

आपल्या देशात अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या 'एच-१' या यादीत आहेत. २०१४ पासून लागू झालेल्या या नियमानुसार त्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि दुकानदाराला त्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. तेव्हा जुनीच चिठ्ठी दाखवून किंवा ओळखीवर गोळ्या आणू नयेत.

घरच्यांनी काय करावे?

'मनाला घट्ट कर' असे म्हणू नये. घट्ट मनाच्या माणसालाही हा त्रास होतोच. घरात आवाज कमी ठेवावा, जेवणाची व झोपण्याची वेळ पाळावी, चहा-कॉफी कमी द्यावी, संध्याकाळी सोबत थोडे चालायला न्यावे. लाट आली की जवळ बसून 'हे गोळीमुळे आहे, हे उतरणार आहे' एवढे शांतपणे सांगावे. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

हा लेख वाचून आज गोळी घेणाऱ्या कोणीही घाबरून जाऊ नये. आकडीवर, तीव्र घबराटीवर आणि दारू सोडवतानाच्या उपचारात या गोळीने असंख्य जीव वाचवले आहेत. गोळी घेणे हा गुन्हा नाही आणि ती सोडताना त्रास होणे हा दुबळेपणा नाही. आपल्या घरात, चाळीत, नात्यात कोणी असा त्रास सोसत असेल, तर त्याला धीराने साथ द्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने सावकाश या वाटेवरून पुढे न्यावे, एवढीच आमची वाचकांना कळकळीची विनंती आहे.