रबरी बोट घेतलीय? पाण्यात उतरण्याआधी हे वाचा

हवा भरून फुगवायची छोटी बोट, मागं लहान इंजिन. गाडीत मावते म्हणून सोपी वाटते, पण समुद्र सोपा नाही.

सुरुवात खाडीतच करा, तीही भरती चढत असताना. इंजिन बंद पडलं तरी पाणी तुम्हाला आत आणतं. ओहोटी मात्र बाहेर ओढते. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तशा खाडीच्या मुखाशी ओहोटी नि समोरून वारा असला की लाटा उभ्या राहतात. तिथं नवख्यानं जाऊ नये. दुपारी वारा वाढतो, म्हणून सकाळी जाऊन लवकर परता.

इंजिन सुरू झाल्यावर थंडाव्याच्या पाण्याची धार पडते का बघा. नसेल तर लगेच बंद करा. बंद करायची दोरी मनगटाला अडकवा. माणूस पडला की इंजिन थांबतं.

उन्हात हवा फुगते, थोडी सोडा. कालवांच्या खडकांपासून लांब राहा, रबर चिरतं.

पेट्रोलचे तीन भाग धरा: जायला, यायला नि शिल्लक. वल्ही, नांगर सोबत, लाइफ जॅकेट अंगात. घरी परतायची वेळ सांगून निघा. संकटात तटरक्षक दलाचा १५५४ लावा. पावसाळ्यात बोट घरातच बरी.