समुद्र, सूर्य आणि आजींचा चेहरा

सिद्धेश्वर गांवचा आमचा नववींतील एक विद्यार्थी गेल्या दिवाळीच्या सुटींत आजीसह अलिबागेस गेला होता. पूर्णेच्या धरणाचें पाणी ज्यांच्या गांवाशीं, अशा त्या आजींनीं उभ्या जन्मांत समुद्र पाहिला नव्हता. हल्लीं मुलें फोनवरच चित्रें काढतात. पण याच्या गळ्यांत चुलत्याचा जुना कॅमेरा होता व त्यांत छत्तीस चित्रांची एकच कृष्णधवल फिल्म. तिसऱ्या प्रहरीं आजी लाटांत पाय भिजवून मागें वळल्या व हंसल्या, तोंच त्यानें कळ दाबली. फिल्म शहरांतून धुवून आली तेव्हां समुद्र झगझगीत पांढरा, आणि आजींच्या जागीं लुगडें नेसलेली एक काळी सावली!

“सर, हें उजळ करतां येईल का?” असें त्यानें मला विचारलें. नाहीं, असें सांगणें भाग पडलें. तें कां, हें समजावतांना झालेलें बोलणें इतरांसही उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

फिल्मवर जिलेटिनच्या थरांत रौप्यक्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांचें डेव्हलपर नांवाच्या द्रावणांत काळें रुपें होतें, व उरलेले क्षार हायपोनें विरघळून जातात. हायपोचा हा गुण जॉन हर्शेल यांनीं १८१९ सालींच टिपला होता. म्हणून निगेटिव्हवर उजेड काळा व सावली स्वच्छ दिसते. फार काळें झालेलें आभाळ छापतांना अधिक उजेड देऊन बरेंच सुधारतां येतें. पण जेथें पुरेसा प्रकाश पडलाच नाहीं, त्या कोऱ्या जागेंतून चेहरा आणावा कोठून?

कॅमेऱ्यांतील प्रकाशमापकास सारें जग मध्यम करड्या रंगाचें वाटतें. फेस, ओली वाळू व चमकतें पाणी समोर आलें कीं तो बिचकतो आणि प्रकाश तोडावयास सांगतो. त्यांतून कोंकणचा समुद्र पश्चिमेस. दुपारनंतर समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा सावलींतच राहणार. सकाळीं तोच सूर्य जमिनीकडून येतो, व माणसाचा चेहरा आणि पाण्यांतला कुलाबा किल्ला हीं दोन्ही उजळतात. दुपारींच चित्र घ्यावयाचें झाल्यास चेहऱ्याच्या अगदीं जवळ जाऊन माप घ्यावें, अथवा मापकाच्या सांगण्याहून सुमारें चौपट प्रकाश द्यावा. समुद्र पांढरा पडेल; पडूं द्यावा.

आभाळ कोरें येण्याची तक्रार मात्र फार जुनी आहे. पहिल्या काळच्या कांचा निळ्या प्रकाशास अति हळव्या व तांबड्यास जवळजवळ आंधळ्या असत. म्हणून १८५६-५७ च्या सुमारास फ्रान्समधील ग्युस्ताव ल ग्रे यानें समुद्राची एक व ढगांची दुसरी अशा दोन कांचा क्षितिजरेषेवर जुळवून कांहीं चित्रें छापलीं. मुंबईंत १८५४ सालीं निघालेल्या छायाचित्रण संस्थेंत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी होते. त्यांच्या काळीं कांचांचा हा दोष गेला नव्हता. पुढें १८७३ त हर्मान फोगेल यांनीं रंगद्रव्यें मिसळून कांचेस इतर रंगही दिसूं लागतात हें दाखविलें. आजची फिल्म सर्व रंग पाहते, तरी आभाळ फिकें येतेंच. भिंगापुढें पिवळा फिल्टर लावल्यास तें करडें होऊन ढग उठून दिसतात. प्रकाश तेवढा सुमारें दुप्पट द्यावा.

लाटेचे तुषार जागच्या जागीं धरावयास सेकंदाचा पांचशेवा भाग पुरे. तिपाईवर एकदोन सेकंद शटर उघडें ठेविल्यास पाणी धुक्यासारखें होतें. कित्येकांस तें आवडतें, मला नाहीं. खारा वारा हा कॅमेऱ्याचा वैरी. घरीं येतांच तो पुसावा, पण भिंगावरची वाळू आधीं फुंकणीनें उडवावी. सदऱ्याच्या टोकानें पुसणारा मुलगा त्यावर कायमची रेघ ओढून घेतो.

अलिबागेस पुन्हां जाण्याइतके पैसे त्या घरीं नव्हते. मीं म्हटलें, पवित्र शास्त्रांतील गालील समुद्र हाही गोड्या पाण्याचा तलावच आहे. आपलें धरण काय वाईट? एका सकाळीं त्यानें आजींना जलाशयाच्या कांठीं, उन्हाकडे तोंड करून उभें केलें व चेहऱ्याजवळ जाऊन माप घेतलें. या खेपेस डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्यादेखील मोजून घ्याव्या इतक्या स्पष्ट आल्या आहेत. मागें नुसतें पाणीच पाणी. तें चित्र भिंतीवर लागलें असून आजी आल्यागेल्यास तें अलिबागचें म्हणून दाखवितात, व नातू कांहीं बोलत नाहीं.