साक्ष कोणाची, कशापुरती?

चंद्रपूर-गडचिरोलीवर विश्वकोशासाठी नोंद लिहायला बसलेल्या माणसाला साधनांची वाण पडत नाही. इंग्रजी अमलातले १९०९ चे चांदा जिल्हा गॅझेटिअर आहे, जनगणनेचे खंड आहेत, वनखात्याचे अहवाल आहेत, डॉक्टरांचे संशोधन आहे आणि गावोगावच्या गोंड, माडिया म्हाताऱ्यांच्या आठवणी आहेत. यांतले भरवशाचे कोणते, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. प्रत्येक साक्षीदार काही गोष्टींपुरताच खरा असतो.

आधी हद्दीचे पाहू. गॅझेटिअरमधला चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा नव्हे. आज गडचिरोलीत असलेला अहेरी-सिरोंच्याचा मुलूखही त्यातच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्यामुळे १९८१ आणि १९९१ च्या जनगणनेतले चंद्रपूरचे आकडे नुसते शेजारी मांडले, तर दहा वर्षांत जिल्ह्यातली माणसे घटली असे दिसेल. दोन्ही आकडे अधिकृत, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ताडोबाचे वाघ मोजताना पद्धत पाहावी लागते. पूर्वी पंजाच्या ठशांवरून गणती होई. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते, पण २००५ पर्यंत जंगलात एकही उरला नसल्याचे उघड झाले आणि त्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. त्यानंतर गणतीसाठी कॅमेरा ट्रॅप आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने फोटोवरून एकेक वाघ ओळखता येतो. म्हणून ताडोब्यातल्या वाघांचा आकडा देताना वर्ष, पद्धत आणि क्षेत्र सांगितलेच पाहिजे. १९५५ चे राष्ट्रीय उद्यान, १९८६ चे अंधारी अभयारण्य आणि १९९५ चा व्याघ्र प्रकल्प यांच्या सीमा एक नाहीत.

इतिहासात पेच वाढतो. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड पुढारी बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. तारखेसाठी, शिक्षेसाठी इंग्रजांचे दप्तर उपयोगी आहे. उठाव का झाला, हे मात्र फाशी देणाऱ्याच्याच तोंडून ऐकून भागत नाही. लोककथा सांगते की फास त्यांच्या गळ्यात आवळेचना. फाशीच्या तपशिलाला हा पुरावा नव्हे. शेडमाके लोकांच्या मनात कुठे आहेत, याला मात्र पहिल्या प्रतीचा आहे. 'गोंड परंपरेनुसार' एवढे म्हणून तो नोंदीत घ्यावा. पुढे टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. त्यावरून गौरव सिद्ध होतो, घटना नाही.

सर्वांत अवघड साक्ष बालमृत्यूंच्या सरकारी आकड्यांची. घरी जन्मलेले आणि चार दिवसांत दगावलेले मूल अनेकदा कुठल्याच वहीत चढत नाही. शिवाय मृत्यू नोंदवायचा आणि त्याचा जाबही द्यायचा, अशी दुहेरी जबाबदारी एकाच यंत्रणेवर असते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावोगाव जन्म-मृत्यूंची स्वतंत्र मोजणी केली. पुढे २००१ च्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने राज्यातले कितीतरी बालमृत्यू सरकारी नोंदीत येतच नाहीत, हे दाखवले. पण सर्चलाही आपल्या कामाचे यश दिसावे असे वाटणारच. म्हणून १९९९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्यांच्या नवजात बाळांच्या अभ्यासाचे वजन वेगळे: उपचार पोचलेली ३९ गावे आणि तुलनेसाठी ४७ गावे, शिवाय छपाईआधी त्रयस्थ तज्ज्ञांची तपासणी.

आता नवा घोळ. बातमीदार ऑनलाइन ज्ञानकोशातून वाक्य उचलतो आणि वर्षभराने तोच ज्ञानकोश त्या बातमीचा हवाला देतो. वाचकाला दोन साधने दिसतात, असते एकच, तेही निराधार.

तेव्हा कोणाही साक्षीदाराला तीन प्रश्न विचारावेत: तुला हे कसे कळले, तू केव्हा मोजलेस, आणि आकडा वर-खाली झाला तर तुझे काय जाते? दोन साक्षी जुळल्या नाहीत तर दोन्ही नावांनिशी द्याव्यात. एकही टिकली नाही तर रकाना कोरा सोडावा. कोरा रकाना पुढच्या अभ्यासकाला कामाला लावतो. छापलेली चूक मात्र शाळेच्या पुस्तकापासून आमदाराच्या भाषणापर्यंत फिरत राहते आणि शेवटी तिलाच पुरावा म्हणतात.