कचोरी भट्टीत जाते तेव्हा

शेगावहून परतलेल्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास एक तेलकट पुडा उरलेला असतो. काल गाडी सुटायच्या घाईत, तळलेली मिरची चावत उभ्याउभ्या खाल्लेली कचोरी आणि आज पुड्यातून निघालेली कचोरी, दोन्ही एकाच घाण्यातल्या. तरी आजची दातांना दाद देत नाही. पारी वातड, सारण आळलेलं. बहुतेक घरांत ती चहाबरोबर कुणीतरी संपवतं, अन्न टाकवत नाही म्हणून. पण हीच कचोरी हाताने फोडून पसरट भांड्यात रचली, वरून पातळसर पिठलं ओतलं आणि भांडं ओव्हनमध्ये ढकललं, तर अर्ध्या तासाने जे बाहेर येतं ते पाहून मी दर वेळी चकित होतो. आतली वातड पारी मऊसूत झालेली असते आणि वरचा पापुद्रा मात्र कडकडीत. भांडं एक, आच एक, वेळ एक. तरी निम्मा पदार्थ एका वाटेने गेला आणि निम्मा दुसऱ्या.

ही युक्ती माझी नव्हे. अमेरिकेत डेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दुकानांतलं रूबेन नावाचं सँडविच प्रसिद्ध आहे: राय धान्याचा पाव, खारवलेलं मांस, आंबवलेली कोबी, स्विस चीज आणि गुलाबीसर रशियन ड्रेसिंग. न्यूयॉर्कच्या आर्नल्ड रूबेन यांनी ते पहिल्यांदा केलं की नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराच्या ब्लॅकस्टोन हॉटेलात ते जन्मलं, यावरून तिकडे अजून वाद आहे. घरोघरी मात्र लोकांनी त्या वादात न पडता सँडविच मोडलं, पावाचे तुकडे केले, सगळं थराथरांनी भांड्यात लावलं आणि भाजून काढलं. याला ते कॅसरोल म्हणतात. आपल्याकडचा पोळ्यांचा डबा तो नव्हे. हे भांड्यासकट भाजायचं आणि भांड्यासकट पानाशी आणायचं जेवण. असलं थरांचं जेवण बांधून ठेवायला काहीतरी दाट, ओलं लागतं. 1934 साली कॅम्पबेल कंपनीने मशरूमचं दाट सूप डब्यात आणलं आणि अमेरिकेला ते आयतं मिळालं. आपल्याला त्या डब्याची गरज नाही. आपल्या फडताळात बेसन आहे.

शेगावची कचोरीही मुळात काउंटरवरचीच. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीर्थराम शर्मा यांनी 1950च्या सुमारास शेगाव स्टेशनावर ती सुरू केली. मुंबई-हावडा मार्गावर भुसावळ सोडलं की मलकापूर, नांदुरा, जलंब आणि मग शेगाव. गाडी थांबणार जेमतेम मिनिट-दोन मिनिटं. अशा जागी कसलं खाणं चालेल? ज्याला ताटवाटी लागत नाही, जे सांडत नाही, जे एका हातात धरून दुसऱ्या हाताने पोराला डब्यात चढवता येतं. मैद्याच्या पारीत मुगाच्या डाळीचं कोरडं, तिखट सारण या परीक्षेत पहिल्या नंबराने पास होतं. चटणी नसली तरी अडत नाही.

इथेच सगळी गंमत आहे. हातात धरून खायच्या पदार्थात पारी किंवा पाव हे नुसतं अन्न नसतं, ते भांडं असतं. सारण सांभाळायचं, तेल बोटांना लागू द्यायचं नाही, दाबलं तर फुटायचं नाही, ही सगळी कामं त्याच्याकडे. म्हणून ते कोरडं आणि मजबूत ठेवावं लागतं. आता खरंखुरं भांडं आणून ठेवा. पारीची त्या नोकरीतून सुटका झाली. आता ती भिजली तरी चालेल, फुटली तरी चालेल. सँडविचचं कॅसरोल होतं म्हणजे नेमकं एवढंच होतं.

पण पारी वातड होतेच कशाने? आपण म्हणतो, वाळली. हे अर्धंच खरं. कचोरीत तर रात्रभरात उलटाच व्यवहार चालतो. सारणातला ओलावा हळूहळू कोरड्या पारीत उतरतो, त्यामुळे खुसखुशीतपणा जातो. म्हणजे पारीत पाणी वाढलेलं असतं, तरी ती चाववत नाही. हे कोडं पावाच्या बाबतीत फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बूसँगो यांनी 1852 साली मांडलं. पाणी उडू न देता बंद ठेवलेला पावसुद्धा शिळा होतो, हे त्यांनी प्रयोगाने दाखवलं. तोच शिळा पाव तापवला की पुन्हा ताज्यासारखा मऊ होतो, हेही दाखवलं. आणि तापवताना तर त्यातलं पाणी आणखी थोडं कमीच झालेलं असतं. म्हणजे शिळेपणाचा मामला पाण्याच्या मापाचा नाही, पाणी कुठे अडकून पडलंय याचा आहे.

उत्तराला विसाव्या शतकातले क्ष-किरण लागले. डच शास्त्रज्ञ जे. आर. काट्झ यांनी ताज्या आणि शिळ्या पावावर ते टाकून पाहिले, तेव्हा शिळ्या पावातल्या स्टार्चमध्ये स्फटिकांची रचना पुन्हा उभी राहिलेली दिसली. पिठातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबच लांब साखळ्या. कोरड्या पिठात त्या दाटीने रचलेल्या असतात. पाणी आणि साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसची ऊब मिळाली की त्या फुगतात, विस्कटतात, पाणी धरून बसतात. ताज्या भाकरीचा, ताज्या पावाचा मऊपणा तो हाच. गार होऊ लागलं की मुक्कामाला पांगलेली दिंडी पहाटे पुन्हा रांगेला लागावी तशा या साखळ्या परत रांगा धरतात. रांगा घट्ट होतात आणि पाणी त्यांत जखडून पडतं. जिभेला ते कोरडं लागतं, दातांना वातड. मात्र पुन्हा 60 अंशांच्या वर नेलं की बऱ्याचशा रांगा मोडतात. शिळेपण असं काही काळापुरतं मागे फिरवता येतं, याचं मला आजही नवल वाटतं. नासलेलं दूध परत दूध होत नाही. शिळा पाव मात्र परत पाव होतो.

या रांगा सर्वांत झपाट्याने कुठे लागतात? फ्रीजच्या खणात, चार-पाच अंशांवर. म्हणून फ्रीजमधला पाव बाहेरच्या पावापेक्षा लवकर कडक होतो. पण ज्याला कॅसरोल करायचं आहे त्याने घाबरू नये. आपण रांगा मोडणारच आहोत. शिवाय कडक तुकडा ओला झाला तरी आकार धरून राहतो. ताजी कचोरी पिठल्यात टाकाल तर लापशी होईल.

आता पिठलं. पिठलंच का, तर गाव शेगाव आहे म्हणून. संत गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात पहिल्यांदा लोकांच्या दृष्टीस पडले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. आजही प्रगटदिनाला घरोघरी त्यांना नैवेद्य असतो तो पिठलं-भाकरीचा, सोबत अंबाडीची भाजी, कांदा आणि हिरवी मिरची. उरलेल्या अन्नाला पुन्हा पानात घ्यायचं, तेही पिठल्याच्या सोबतीने, याला शेगावात तरी कुणी नाक मुरडणार नाही.

चार कचोऱ्यांना अर्धी वाटी बेसन आणि दीड ते दोन वाट्या ताक पुरतं. हळद, लसूण-मिरची, मोहरी-जिऱ्याची फोडणी. पण बेसन ताकात कालवून तसंच कचोरीवर ओतू नका. ओव्हनमधलं भांडं सावकाश तापतं, आणि स्टार्च फुगायच्या आधीच बेसनाचे कण तळाशी बसतात. मग खाली बेसनाची कच्ची वडी आणि वर ताकाचं पाणी. घोल आधी गॅसवर ढवळत पळीवाढा करायचा. पळी बाहेर काढली की तिच्या पाठीवर पातळ थर राहिला पाहिजे आणि त्यावरून बोट फिरवलं तर रेघ उमटून टिकली पाहिजे. या घडीला स्टार्च अर्धवट फुगलेला असतो, कण तरंगते राहतात, आणि कचोरीच्या फटींत शिरण्याइतका घोल अजून वाहता असतो. उरलेलं घट्ट होणं भट्टीत. परदेशी कॅसरोलमध्ये हे काम अंडी किंवा चीज करतं. आपल्याकडे हरभऱ्याच्या डाळीचा स्टार्च आणि तिच्यातली भरपूर प्रथिनं मिळून करतात, आणि ते वऱ्हाडातल्या प्रत्येक घराने पाहिलेलं आहे. ताटात थापलेली पाटवडी सुरीने कापता येते ती त्यांच्याच जोरावर.

भांडं 180 अंशांच्या ओव्हनमध्ये जातं. तरी आतलं तापमान 100च्या वर चढत नाही. जोवर पाणी आहे तोवर जास्तीची उष्णता त्याची वाफ करण्यातच खर्च होते. म्हणून आत सगळं वाफाळतं आणि मऊ पडतं. वरचा पृष्ठभाग मात्र कोरडा होत जातो. पाणी संपलं की तिथला पारा 100 ओलांडतो, आणि 140च्या पुढे अमिनो आम्लं आणि साखरेचे रेणू एकमेकांना भिडून तांबूस रंग आणि खमंग वास तयार करू लागतात. फ्रेंच वैद्य लुई-कामीय मायार यांनी 1912 साली या क्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. आपण तिला खरपूस म्हणतो आणि पुढे जातो.

खरं तर शेगावच्या बुलढाणा जिल्ह्याला या भट्टीशास्त्राची ओळख कुणी परदेशी पाककृतीने करून द्यायला नको. शेतातल्या झाडाखाली रोडग्यांचा बेत ज्याने पाहिला त्याने हे सगळं पाहिलं. जाडसर कणकेत मोहन, तेलाचा हात लावून एकावर एक थर, मग गोळा. गोवऱ्या पेटवून त्यांचा विस्तव झाला की रोडगे त्यात ठेवायचे आणि राखेने झाकायचे. बाहेरची साल करपायच्या बेतात येते, आतले थर स्वतःच्याच वाफेत शिजतात. राख झटकून, फडक्याने पुसून तो रोडगा फोडतात, तूप सोडतात आणि वरणात नाहीतर वांग्याच्या भाजीत चुरतात. हे भाजलेलं, थरांचं, ओलं केलेलं खाणं इतकं जुनं आहे की सोळाव्या शतकातल्या एकनाथांच्या भारुडातली सासुरवाशीण भवानीला नवस बोलते तोही रोडग्याचाच. मला विचाराल तर रूबेनच्या कॅसरोलपेक्षा रोडगा दोन पावलं पुढे आहे, कारण त्याला भांडंही लागत नाही. राख हेच त्याचं भांडं.

ओव्हन नसेल त्यांनी जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन त्यावर स्टँड आणि भांडं ठेवावं, वर घट्ट झाकण. आतलं काम नीट होतं, फक्त वरचा रंग येत नाही, कारण झाकणाखाली वाफ कोंडते. चूल असेल तर झाकणावर निखारे ठेवा, खालूनवरून आच मिळेल.

उन्हाळ्यात कचोरी रात्रभर बाहेर ठेवू नका; मुगाचं सारण लवकर आंबतं. फ्रीजमध्येच टाका. मीठ घालताना हात आखडा, कचोरीत ते आहेच. वर किसलेलं चीज पसरायचा मोह होईल, तो आवरा. त्याखाली सारणाचा तिखटपणा गुदमरतो आणि पापुद्राही नीट धरत नाही. भांडं बाहेर काढलं की दहा मिनिटं त्याला हात लावू नका. बेसन गार होताना घट्ट होतं, त्याआधी उलथनं घातलंत तर ताटात नुसतं पिठलं येईल. आणि कडेचे तुकडे आधी उचला. सर्वांत जास्त खरपुडी तिथेच असते.