संगणक आणि व्यवहार यांची सांगड घालणारी पदवी

बारावीचा निकाल लागला की आपल्या संस्थेच्या कार्यालयात आणि आम्ही बसतो त्या बँकेच्या काउंटरवरही पालकांचा एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, पोराला संगणकाकडे घालायचंय, पण इंजिनिअरिंगला नंबर लागत नाही. खर्चही झेपणार नाही. मग काय करावं?" या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नाही. म्हणून संस्थेच्या सभासदांसाठी आणि विशेषतः विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी हा लेखप्रपंच.

आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. संगणकशास्त्राचे आम्ही पंडित नाही. परंतु ज्या यंत्रणेवर आमच्या बँकेचे सारे काम चालते, तिच्यापुढे बसून आमचा दिवस जातो. ती कशी बांधली आहे, कोठे अडते आणि अडली म्हणजे कोणाचे नुकसान होते, हे आम्ही रोज पाहतो. त्या अनुभवाच्या आधारे या पदवीची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

नावे अनेक, विषय एक

परदेशात या शिक्षणाला 'बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स' म्हणतात. आयर्लंडमधील कॉर्कच्या विद्यापीठात याच नावाची पदवी आहे. जर्मनीत तर हा एक स्वतंत्र विद्याविषय मानला जातो. आपल्याकडे हाच विषय प्रामुख्याने बी.सी.ए. या नावाने आणि पुणे विद्यापीठाच्या वाणिज्य शाखेत बी.बी.ए. (सी.ए.) या नावाने शिकविला जातो. येथे एक खुलासा आवश्यक आहे. कंसातील 'सी.ए.' म्हणजे कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. चार्टर्ड अकाउंटंटशी त्याचा काही संबंध नाही. या नावामुळे पालकांची फसगत होताना आम्ही पाहिली आहे.

संगणक अभियांत्रिकी आणि ही पदवी यांत फरक काय? अभियांत्रिकीत संगणक कसा चालतो यावर भर असतो. या पदवीत संगणकाकडून दुकानाचे, कारखान्याचे, बँकेचे, रुग्णालयाचे काम कसे करून घ्यावे यावर भर असतो. म्हणून येथे प्रोग्रॅमिंगच्या जोडीला हिशेबशास्त्र, व्यवस्थापन, संख्याशास्त्र आणि व्यावसायिक पत्रव्यवहार हेही विषय असतात. वाणिज्य आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांना या शिक्षणाचे दार उघडे राहते ते याच कारणाने. मात्र काही अभ्यासक्रमांना बारावीला गणित लागते. ते आधी पाहून घ्यावे.

काय शिकवितात?

पहिल्या वर्षी साधारणपणे सी भाषा, हिशेब, व्यवस्थापनाची तत्त्वे व गणित असते. पुढे डेटाबेस, जावा किंवा पायथन, वेबसाइट तयार करणे आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग येते. शेवटी प्रकल्प असतो. विषयांची यादी माहितीपुस्तिकेत मिळेलच. त्यांचा उपयोग काय, हे मात्र बँकेच्या उदाहरणाने सांगतो.

पूर्वी बँकेत बचत खात्याचे लेजर वेगळे, मुदत ठेवीचे वेगळे, कर्जाचे वेगळे असे. एकाच ग्राहकाचा पत्ता तीन ठिकाणी लिहिलेला. ग्राहकाने घर बदलले की एका लेजरमध्ये दुरुस्ती होई आणि दोन ठिकाणी जुनाच पत्ता राही. कर्जाची नोटीस जुन्या घरी जाई. एक माहिती एकाच ठिकाणी ठेवावी व इतरांनी तिचा केवळ संदर्भ घ्यावा, हे डेटाबेस विषयातील एक मूलतत्त्व आहे. आज पासबुकावर खाते क्रमांकाबरोबर ग्राहक क्रमांकही छापलेला असतो, तो यासाठीच. ग्राहक एक, क्रमांक एक, खाती कितीही. माहिती अशी तक्त्यांत मांडून त्यांचे परस्परांशी नाते जोडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत १९७० साली आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी मांडली. विद्यार्थी आज तीच शिकतात.

दुसरे उदाहरण. तुम्ही भावाच्या खात्यावर ५,००० रुपये पाठविले. तुमच्या खात्यातून रक्कम वजा झाली आणि त्याच क्षणी वीज गेली. भावाच्या खात्यात जमा झालीच नाही, तर? म्हणून यंत्रणेला असे शिकविलेले असते की वजा आणि जमा ही दोन्ही कामे पूर्ण होतील, नाही तर एकही होणार नाही. अर्धवट काम यंत्रणा आपोआप मागे घेते. हिशेबात प्रत्येक नावेला जमा असते, हे ज्याला कळले त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही. वाणिज्यचा विद्यार्थी या शिक्षणात मागे नसतो, उलट काही बाबतींत पुढे असतो, तो असा.

तिसरी गोष्ट माणसांची. बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, असा दंडक आहे. हा नियम संगणकाने आणलेला नाही. तो माणसांनी अनुभवातून केला आणि मग संगणकात बसविला. म्हणून या शिक्षणात 'गरज समजून घेणे' हा स्वतंत्र अभ्यास असतो. काउंटरवरच्या माणसाला काय हवे ते न विचारता केलेली यंत्रणा कागदावर उत्तम दिसते आणि कामात नडते.

बँकांचे संगणकीकरण एका रात्रीत झाले नाही. डॉ. सी. रंगराजन यांच्या समित्यांनी १९८४ आणि १९८९ साली त्याची दिशा ठरविली. सुरुवातीला लेजर पोस्टिंगची यंत्रे आली. पुढे सर्व शाखा एका यंत्रणेने जोडणारी कोअर बँकिंग पद्धत आली. २००४ मध्ये आर.टी.जी.एस., २००५ मध्ये एन.ई.एफ.टी. आणि २०१६ मध्ये यू.पी.आय. सुरू झाले. प्रत्येक टप्प्यावर बँकेचे काम आणि संगणक हे दोन्ही समजणारी माणसे लागली. ती माणसे घडविणे हे या पदवीचे प्रयोजन.

शिष्यवृत्ती कोठे गेली?

विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण देऊन हा मुद्दा पुरा करतो. काउंटरवर मुले येतात आणि म्हणतात, "पोर्टलवर शिष्यवृत्ती जमा झाल्याचं दाखवतंय, पण खात्यात पैसे नाहीत." मुलाला वाटते बँकेने पैसे अडविले. बँक म्हणते, आमच्याकडे आलेच नाहीत. दोघेही खरे बोलत असतात.

घडते ते असे. अशी रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे पाठविली जाते. कोणता आधार क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलेला आहे, याचा एक तक्ता नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे असतो. त्या तक्त्यात एका आधारपुढे एका वेळी एकाच बँकेचे नाव राहते. मुलाने मध्यंतरी मोबाइलवरून दुसऱ्या बँकेत खाते उघडले आणि अनुदान तेथे घेण्यास संमती दिली, तर तक्त्यात नव्या बँकेचे नाव लागते. रक्कम मग तिकडे जाते. विद्यार्थ्याला त्या खात्याची आठवणही नसते.

येथे संगणकाने चूक केलेली नाही. नियमानुसार रक्कम योग्य जागी गेली आहे. पण त्या फॉर्मवरील संमतीच्या चौकोनाचा अर्थ विद्यार्थ्याला सोप्या मराठीत कोणी सांगितला नव्हता. सॉफ्टवेअर, नियम, कागद आणि माणूस हे चारही मिळून 'माहिती यंत्रणा' होते. त्यातील माणसाची बाजू ज्याला कळते असा जाणकार आपल्या मुलांतून निघावा, अशी आमची तळमळ आहे. काउंटरच्या बाहेर उभे राहण्याचा अनुभव ज्यांना आहे, ते हे काम अधिक चांगले करतील.

प्रवेश आणि खर्च

१. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून बी.सी.ए., बी.बी.ए. आदी अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. २०२४ च्या पहिल्या परीक्षेत इंग्रजी, तर्कशक्ती, सामान्य ज्ञान आणि संगणकाची मूलतत्त्वे हे विभाग होते. काही महाविद्यालयांनी त्यानंतर अभ्यासक्रमांची नावे बदलली. म्हणून पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि मान्यता कोणाची, हे दोन प्रश्न लेखी विचारावेत. केवळ 'संगणक कोर्स' अशी पाटी पाहून पैसे भरू नयेत.

२. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाख रुपयांपर्यंत असल्यास भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काच्या सवलतीची योजना आहे. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला मात्र हा लाभ नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटी त्या त्या वर्षी समाजकल्याण कार्यालयात पाहाव्यात.

३. जात पडताळणी प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ करून ते हाती येत नाही. दाखला, आधार आणि बँक खाते यांवरील नावाचे इंग्रजी स्पेलिंग अक्षरन् अक्षर सारखे असावे. एका अक्षराने काम अडते.

४. नोकरी सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांना इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचा मार्ग खुला आहे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी व चौथे वर्ष पूर्ण केल्यास ऑनर्स अशी रचना आहे.

पदवीनंतर

येथे खोटी आशा दाखविणे योग्य होणार नाही. बँकेतील लिपिक व प्रोबेशनरी ऑफिसरच्या परीक्षांना कोणतीही पदवी चालते, त्यामुळे ही पदवीही चालते. परंतु सरकारी बँकांतील आय.टी. अधिकारी या पदासाठी केवळ बी.सी.ए. पुरत नाही. तेथे चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी किंवा संगणक विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. अथवा पदवीबरोबर 'बी' लेव्हल ही परीक्षा उत्तीर्ण असावी लागते. म्हणून ज्यांना त्या वाटेने जायचे आहे त्यांनी एम.सी.ए. आधीपासून मनात धरावे. पूर्वी तीन वर्षांचे असलेले एम.सी.ए. २०२०-२१ पासून दोन वर्षांचे झाले आहे.

खासगी क्षेत्रात सॉफ्टवेअरची चाचणी, ग्राहकांना तांत्रिक साहाय्य, हिशेबाच्या संगणक प्रणाली सांभाळणे अशा कामांतून सुरुवात होते. पदवीचा कागद मुलाखतीच्या दारापर्यंत नेतो. आत विचारतात ते, तू स्वतः काय केलेस? म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रकल्प विकत घेऊ नये. आपल्या गल्लीतील किराणा दुकानाची उधारीची वही घ्या, एखाद्या वाचनालयाचे पुस्तकवाटप घ्या, आपल्या संस्थेची वर्गणी घ्या आणि त्याची यंत्रणा स्वतः बांधा. दुकानदाराशी चार दिवस बोला. तो काय लिहितो, काय विसरतो, काय मुद्दाम लिहीत नाही, हे पाहा. त्या एका प्रकल्पाने मुलाखतीत पाच मिनिटे आत्मविश्वासाने बोलता येईल.

मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले सहा महिने जड जातात. त्याचे कारण बुद्धी नसून इंग्रजी पुस्तक हे असते. रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचावीत आणि तीच गोष्ट मराठीत मित्राला समजावून सांगावी. प्रोग्रॅम नुसता वाचू नये, हाताने कागदावर लिहून एकेक पायरी तपासावी. घरी संगणक नसेल तर महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एकही तास बुडवू नये.

नोकरीत असलेल्या सभासदांनाही एक विनंती. वापरात नसलेला चांगला लॅपटॉप आपल्या घरी असेल तर तो संस्थेकडे द्यावा. सवड असेल तर रविवारी दोन तास मुलांना हिशेब किंवा इंग्रजी शिकवावे. खेड्यातून शहरात आलेल्या मुलाला पहिल्या वर्षी एवढा आधार मिळाला, तर पुढची दोन वर्षे तो स्वतःच्या पायांवर पार करील, याची आम्हांस खात्री आहे.