सोन्याच्या पूर्वजांचं वजन

नांदेडच्या सराफ्यात सोनं मिलिग्रॅमपर्यंत तोललं जातं. पण ज्या अणूंपासून ते सोनं झालं, ते जेमतेम सेकंदभर जगणारे होते. त्यांना कुठल्या काट्यावर ठेवायचं?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी आणि इटलीतल्या व्हर्गोनं सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची धडक टिपली. अशा धडकेत न्यूट्रॉनांचा पूर येतो. अणुकेंद्रं ते अधाशासारखे गिळत सुटतात, फुगतात आणि मग रूप बदलत बदलत सोन्या-प्लॅटिनमपाशी स्थिरावतात. कुणी किती गिळायचे? ते ठरतं वजनावर!

कसं? ३० प्रोटॉन आणि ५२ न्यूट्रॉन सुटे तोला. आता तेच एका केंद्रकात बांधून तोला. वजन घटलेलं! बांधणी होताना तेवढी ऊर्जा निसटली. घट जितकी मोठी, तितकी गाठ घट्ट. आणि ही सगळी घट एका टक्क्याच्याही आतली, म्हणून मोजणी काही कोटींत एक इतकी नेमकी हवी.

हे ३० आणि ५२ म्हणजे जस्त-८२. आपण शेतात झिंक सल्फेट टाकतो, त्यातलं जस्त टिकाऊ. याचं मात्र पाव सेकंदाच्या आत निम्मं संपतं. जिनिव्हाजवळ सर्नमधल्या आयसोलट्रॅप या उपकरणानं तेही तोललं. मला यातली देखणी गोष्ट वाटते ती ही, की तिथं काटाच नाही. एक इलेक्ट्रॉन काढलेला अणू सुमारे ६ टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात सोडतात आणि तो मेढीभोवतीच्या बैलासारखा गोल फिरू लागतो. जड असेल तर सावकाश, हलका असेल तर चपळ. जस्त-८२ सेकंदाला सुमारे ११ लाख फेऱ्या मारतो. फेऱ्यांचा वेग कळला की वजन कळलं!

२०१३ मध्ये जस्त-८२ चं हे वजन प्रसिद्ध झालं आणि गंमत झाली. न्यूट्रॉन ताऱ्याच्या कवचात जस्त-८२ असेल, असं काही गणितं सांगत होती. नव्या वजनानं त्याला तिथून बाहेर काढलं. ताऱ्याला हात न लावता!

आता नांदेडच्या शेजारी, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया उभी राहते आहे. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा. केंद्र सरकारची मंजुरी एप्रिल २०२३ ची. बाकीच्या वेधशाळांपासून ती इतकी दूर, की धडक आकाशात नेमकी कुठं झाली हे जास्त अचूक कळेल आणि दुर्बिणी वेळेत तिकडे वळतील. वेळेत, कारण धडकेनंतरची झळाळी काही दिवसांतच विझत जाते. २०१७ च्या झळाळीत अशाच रीतीनं घडलेल्या स्ट्रॉन्शियमची खूण सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. पुढच्या धडकेत सोनं किती झालं, हा हिशेब मांडायला बसणाऱ्याला चुंबकात गरगरलेल्या त्या अल्पायुषी अणूंची वजनं हाताशी लागतीलच.